पाण्याची बाटली

“सर, रायपुर में सुनामी आई तो हम भागेंगे किधर?”

दीक्षाने अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं. पैज तिच्या मैत्रिणीची, भावनाची होती. नुसता प्रश्न नाही, प्रश्नाआधी ‘सर’ म्हणायचं. कारण फळ्यापाशी उभा असलेला माणूस दीक्षाचा बाप होता, आणि मागच्या बाकावरच्या चौघींशिवाय वर्गात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या वर्षापर्यंत ही पोरगी वर्गात तोंड उघडत नसे. आता उघडलं की मिटत नव्हतं.

वर्ग खो खो हसला, सगळ्यांत आधी दीक्षाच.

दीक्षाचे बाबा, भैय्यालाल, शहराबाहेर सिलतऱ्याला असलेल्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून सरळ इथं आले होते. डोळे तांबडे, कॉलरवर काळी भुकटी. कारखान्यात ते सेफ्टीचं काम बघत. सुनामी दिवस म्हणून कंपनीने त्यांना शाळाशाळांतून धाडलं होतं आणि हातात दिली होती कंपनीच्याच समुद्रकाठच्या कारखान्यासाठी छापलेली पुस्तिका. ही तिसरी शाळा.

त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं आणि परक्या पोरीला सांगावं तसं सांगू लागले. समुद्राच्या तळाशी भूकंप झाला की वरचं सगळं पाणी एकदम उचललं जातं. खोल समुद्रात नावेला पत्ताही लागत नाही. किनारा आला की लाट उंच होते. तिला थांबवायचा उपाय नाही. वेळेवर इशारा द्यायचा आणि उंचावर पळायचं, एवढंच हातात. रायपूरपर्यंत ती येणार नाही. पण जगन्नाथपुरीला तर सगळेच जातात. तिथं पाणी एकाएकी मागं सरून वाळू उघडी पडली, तर शंख वेचत बसू नका, लोक हसले तरी पळा.

मागून कोणीतरी तोंडाने भोंगा वाजवला. पुन्हा हशा. भैय्यालालनी पुस्तिका मिटली आणि निघाले. पाण्याची बाटली टेबलावरच राहिली. हाक मारायची तर ‘बाबा’ म्हणावं लागलं असतं. दीक्षाने बाटली गुपचूप दप्तरात घातली.

संध्याकाळी झोपून उठल्यावर ते चहाचा कप धरून नुसते बसून होते. दीक्षाच्या आईने, सरलाने शाळेचं विचारलं.

“उद्या भनपुरीच्या शाळेत जाणं आहे. साहेबाले फोन करतो, दुसऱ्याले पाठवा म्हणून.”

“काहून?”

“थकलो वं. कारखान्यात धोक्याचा भोंगा वाजला का माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतेत. आमच्या पाळीतला शालिग्राम तसाच पाहत राहिला अन् हात भाजून बसला. पोरं तरी ऐकतीन म्हटलं होतं, तर तेही हसून राहिले.”

दीक्षाचं नाव त्यांनी घेतलं नाही. आईला काही कळलं नाही, आणि तेच दीक्षाला सोसेना. तिने बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली. बाटली अर्धी भरलेली होती, सकाळसारखीच.

“फोन नका करू, बाबा. ‘सर’ मीच म्हटलं होतं, आई, बाबाले वर्गात. पैजेपायी.”

सरला काही बोलणार, तेवढ्यात दीक्षाच पुढे म्हणाली, “उद्या मी शाळेत नाही जात. बाबासंग भनपुरीले जातो. पहिला प्रश्न मीच विचारीन, अन् साऱ्या वर्गासमोर ‘बाबा’ म्हणून विचारीन. डबे दोन दे.”