घाट न चढणारे ढग

सोलापूरला ऊन फार, याचं आम्हाला कधी वाईट वाटत नाही. दुसऱ्या गावाला आमच्यापेक्षा जास्त झालं की वाईट वाटतं. बाहेरच्या माणसाला हे समजत नाही आणि मीही ते समजावण्याच्या भानगडीत पडत नाही. फक्त त्यापायी माझं लग्न कसं मोडता मोडता राहिलं, तेवढं सांगतो.

साल पंच्याहत्तर-शहात्तरचं असेल. नव्या पेठेत माझ्या वडिलांचं, चनबसप्पांचं, चादरींचं दुकान होतं. खाली दुकान, मागं आणि वर घर. चैत्र लागला की संध्याकाळी पेठेतली मंडळी आमच्या पायऱ्यांवर जमत, कारण आमच्या रेडिओचा आवाज मोठा होता. प्रादेशिक बातम्यांच्या शेवटी हवामान सांगत. बाई आधी म्हणे, 'कोकण किनारपट्टीवर आकाश अंशतः ढगाळ राहील.' हे ऐकताना आमची मंडळी तोंडं वाकडी करत. मग बाई म्हणे, 'मध्य महाराष्ट्रात आज सर्वाधिक तापमान सोलापूर येथे,' आणि टाळ्यांचा कडकडाट होई. वडील उठून सगळ्यांना सोडा सांगत. जळगावचं नाव आलं तर मात्र पायऱ्यांवर सुतक. जळगावचे लोक थर्मामीटर चुलीपाशी नेतात, असं वडिलांचं ठाम मत होतं. ते आयुष्यात जळगावला गेले नव्हते. पण त्या रागापायी केळी खात नसत.

अशा घरातला मी, शिवयोगी, तिशीला टेकलेला आणि बिनलग्नाचा. कोल्हापूरला एका नातेवाइकाच्या लग्नात मला रत्नप्रभा दिसली. राजापूरच्या महालिंगशेठची मुलगी, आमच्यातलीच. तिकडं त्यांचं किराण्याचं दुकान होतं. पंगतीत पापड वाढताना ती माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "तुमच्याकडे हे किती दिवसांत वाळतात?"

"दिवस कशाला? तासाभरात," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघतच राहिली. पापड वाढायचा तिच्या हातातच राहिला. मी असं काय मोठं बोलून गेलो ते मला कळलं नाही, पण त्या घटकेपासून माझं जेवणातलं आणि दुकानातलं लक्ष उडालं ते उडालंच.

बोलणी सुरू झाली. सगळं जुळत आलं आणि एके दिवशी दुकानात महालिंगशेठचा ट्रंककॉल आला. ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की पायऱ्यांवरच्या मंडळींनाही ऐकू गेलं.

"अहो चनबसप्पा, आम्ही रोज रेडिओ ऐकतो. रोज तुमचंच गाव! माणसं राहतात की भाकऱ्या भाजतात तिथं? आमच्याकडे सकाळी समुद्रावरून ढग येतात, गावाला सावली करतात. पण ते ढगसुद्धा घाट चढून तुमच्याकडे येत नाहीत. त्यांना काही कळत असेल की नाही? मग मुलगी मी कशी पाठवू?"

वडिलांना राग आला होता, पण मुलाचा बाप म्हणून तोरा दाखवायचे माझ्या लग्नाच्या बाबतीत दिवस राहिले नव्हते. शेवटी महालिंगशेठनी अट घातली. एक संध्याकाळ, फक्त एक, सोलापूरचं नाव पहिलं येऊ नये. आलं नाही की ते मुलीला घेऊन सुपारी फोडायला निघतील. मात्र हे चैत्र संपायच्या आत झालं पाहिजे, नाहीतर चिपळूणचं स्थळ तयारच होतं.

फोन ठेवला आणि पेठेनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी गावाची वेस विकायला काढली होती.

चार-पाच संध्याकाळी मी पायरीवर बसून जळगावसाठी देव पाण्यात घातले. रोज सोलापूर पहिलं. मंडळी टाळ्या वाजवत, मग मला पाहून ओशाळत आणि सोडा मात्र पूर्ण पीत. चैत्र संपत आला. मला त्या सोड्याच्या बाटल्या एकेक करून फोडाव्याशा वाटत होत्या.

एका रात्री जेवताना वडिलांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

"शिवयोगी, ती पोरगी न्हाय मिळाली तर तू दुसरी करशील का?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि उठले.

वडिलांचे मित्र गुरप्पा यांचा सूत रंगवायचा कारखाना वेधशाळेच्या कुंपणाला लागून होता. सकाळी वडिलांनी दुकानातल्या नव्याकोऱ्या चादरी टांग्यात भरल्या आणि तिकडं नेल्या. सुताच्या लडी वाळवायच्या बांबूंवर त्या ओल्या करून टांगायच्या, म्हणजे वारा त्यातून गार होऊन वेधशाळेत जाईल, असा बेत. घरात आपण दाराला ओलं फडकं लावतो, तेच गावाला लावायचं. मला हे वेडेपण वाटलं. पण दुसरा उपाय माझ्यापाशीही नव्हता.

अडचण एकच होती. शेवटची चादर टांगेपर्यंत पहिली खडखडीत वाळे. मग सारी पेठ कामाला लागली. सराफ, भुसारी, पानवाला, सगळे कारखान्याच्या विहिरीपासून ओळीनं उभे राहून बादल्या देत होते. ज्यांनी रोज सोलापूरसाठी टाळ्या वाजवल्या तेच लोक सोलापूर विझवत होते आणि त्यांच्या तोंडावर पाप करतोय अशी कळा होती. वडील भर दुपारी स्वतः तांब्यानं पाणी मारत होते. कुंपणापलीकडून वेधशाळेच्या साहेबांनी विचारलं, "काय चाललंय?"

"चादरी वाळवतोय साहेब," गुरप्पा म्हणाले आणि वाळलेल्या चादरीवर बादली ओतली.

संध्याकाळी बाई म्हणाली, 'सर्वाधिक तापमान जळगाव येथे.'

चादरींमुळं झालं की जळगावच्या नशिबानं, देव जाणे. मला उठून नाचायचं होतं, पण पायऱ्यांवर एक माणूस हलला नाही. गुरप्पांनी टॉवेल डोळ्यांना लावला. वडिलांनी रेडिओ बंद केला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते आत गेले. आपल्यासाठी बापानं काय केलं हे मला त्या हातानं कळलं.

महालिंगशेठ शब्दाला जागले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आणि रत्नप्रभा एस.टी.तून उतरले. पेठेनं आधीच ठराव केला होता, की पाहुणे असेपर्यंत रेडिओ काहीही बोलो, कुणी टाळी वाजवायची नाही. आणि काय सांगावं, स्टँडवर आम्ही सामान उचलतोय तोच सूर्यापुढं एक ढग आला. चांगला घोंगडीएवढा.

"चढला!" महालिंगशेठ ओरडले. "चनबसप्पा, घाट चढला! आता काही बोलणी नकोत. मुलगी तुमची!"

मी आनंदानं रत्नप्रभाकडं पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. ती ढगाकडं बघत होती.

घरी आल्यावर माझी आई, गुरम्मा, हिनं मला मुद्दाम गच्चीवर पाणी घेऊन पाठवलं. रत्नप्रभा आईनं घातलेल्या पापडांपाशी उभी होती. तिनं एक उचलला. तो मऊ होता.

"तासाभरात म्हणाला होतात," ती म्हणाली.

"आज ढग आहे हो. रोज नसतो."

"माझ्या आईचा शालू होता. ती गेल्यावर मी पेटीत जपून ठेवला होता. पावसाळा संपल्यावर उघडला तर बुरशीनं खाल्लेला. हातात धरला तर फाटला." तिनं पापड परत ठेवला. "आमच्याकडे काही वाळत नाही. पाऊस नसला तर ढग, ढग नसला तर घाम. संध्याकाळी रेडिओवर तुमचं गाव पहिलं आलं की मला बरं वाटायचं. परवापासून वाटतंय, मी चुकले की काय."

"परवा नाही, काल," मी उगाच म्हणालो. चादरींचं सांगायचं धाडस झालं नाही.

"बाबा हो म्हणाले, पण मला विचारलं तर मी बातम्या झाल्यावर सांगेन."

मी धावत खाली आलो. महालिंगशेठ मागं हातपाय धूत होते आणि वडील व गुरप्पा त्यांच्यासाठी दिवाणखान्यात गादी घालत होते.

"अण्णा, आज आपलं गाव पहिलं आलं पाहिजे."

"येडा झालास काय? काल चादरी कुणासाठी भिजवल्या?"

"पोरीला ऊन पाहिजे, अण्णा. ऊन आहे म्हणूनच ती आलीय."

वडील गादीवर बसले. हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते मिशीतून बाहेर आलंच. "अय्यो, मग आदी बोलायचं की!"

गुरप्पा म्हणाले, "कुंपणापाशी शेकोटी पेटवू का? लाकडं हायेत माज्याकडं."

"ती जळगावची रीत," वडील कडाडले. "खाली उतरायला लबाडी केली ती केली. वर चढायला आपण लबाडी करत न्हाय."

संध्याकाळी पायऱ्यांवर मुंगीला जागा नव्हती. महालिंगशेठ मधोमध गादीवर. आत पडद्यामागं बायका. ढग केव्हाच विरला होता, पण दुपारचं नुकसान झालं ते झालंच होतं. बाई म्हणाली, 'कोकण किनारपट्टीवर आकाश अंशतः ढगाळ राहील.' महालिंगशेठनी घरच्या माणसाचं कौतुक ऐकल्यासारखी मान हलवली. माझे कान तापले होते.

'मध्य महाराष्ट्रात आज सर्वाधिक तापमान सोलापूर येथे.'

कुणी हललं नाही. ठराव तो ठराव. गुरप्पांनी टॉवेल दातात धरला. वडिलांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. महालिंगशेठ कपाळाला आठ्या घालून एकेकाकडं बघत होते. रस्त्यावरची सायकलची घंटासुद्धा ऐकू आली.

आणि आत, पडद्यामागं, कुणीतरी टाळी वाजवली. एकटीनंच. बांगड्या वाजत होत्या आणि टाळी थांबत नव्हती.

"हे कोण?" महालिंगशेठनी दचकून विचारलं.

वडील उभे राहिले. मांडीखालून काढलेले हात त्यांनी एकदा धोतराला पुसले.

"आमची सून," ते म्हणाले आणि त्यांनी जी टाळी वाजवली, ती साऱ्या नव्या पेठेनं उचलली.