वेशीत गाडी बंद करायची

पहिली मोटारसायकल घेताना काय पाहावं आणि काय टाळावं, हे आमच्या भागात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. मुरुडपासून आमच्या गावापर्यंत अकरा जणांनी माझ्या सल्ल्यानं गाड्या घेतल्या आणि त्यातले दहा अजून धडधाकट आहेत. अकराव्यानं माझं ऐकलं नाही, त्याला मी काय करू? एक बारीकशी गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला लबाड म्हणायला नको. मी स्वतः मोटारसायकल कधीच चालवलेली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी सरकारी कामांवर हजेरी कारकून होतो. कुठं खडी फोडणं, कुठं पाझर तलाव, कुठं रस्ता. गुरुपादप्पा नावाचे निलंग्याकडचे ओव्हरसियर होते. त्यांच्याकडं बुलेट होती. पुढं ते आणि मागं मी, मांडीवर हजेरीपट घेऊन, असे आम्ही दीड वर्ष हिंडलो. पुढं बसलेला माणूस रस्ता बघतो. मागच्याला काही उद्योग नसतो, म्हणून तो गाडी ऐकतो. क्लच कधी सुटला, गिअर कधी पडला, चढाला इंजिन कुठं कुरकुरलं, सगळं मला पाठ झालं. लोकांनी मला दीड वर्ष मोटारसायकलवर पाहिलं. पुढं बसलेला पाहिलं की मागं, हे ते दहा वर्षांत विसरून गेले आणि मीही आठवण करून दिली नाही.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला हेलपाटे घालणारे लोक लातूरला हेलपाटे घालू लागले. नव्या कचेऱ्या उघडल्या. खुर्च्या यायच्या होत्या, पण कारकून आले. माझा भाचा भीमा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, सरजाक्काचा मुलगा, त्यातल्याच एका कचेरीत लागला. गावातून मुरुडपर्यंत पायी आणि तिथून एसटी. एसटी वेळेवर आली तर ड्रायव्हरलाच आश्चर्य वाटायचं. महिन्यात तीनदा उशिराची लाल खूण पडल्यावर भीमानं गाडी घ्यायचं ठरवलं.

आमच्या वस्तीतली ती पहिलीच मोटारसायकल होणार होती, आणि खरी अडचण तिथं होती. मुरुडकडून येणारा रस्ता वेशीतून आत येतो, चढ चढून पारापुढून जातो आणि मग उताराला आमची बौद्ध वस्ती लागते. दुसरा रस्ता नाही. पारावर किशनराव बसतात. गावची निम्मी जमीन त्यांची. आमच्या आज्याच्या काळी वेशीत आलं की पायातलं काढून हातात घ्यायचं. बापाच्या काळी सायकल आली, तर वेशीत उतरून ती पार ओलांडेपर्यंत हातात धरून न्यायची. छप्पन साली आम्ही धर्म बदलला. घरातले देव ओढ्यात सोडले, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, गावानं दोन महिने वाणसामान दिलं नाही तेही सोसलं. पण सायकलवरून उतरायचं तेवढं सोडायचं राहून गेलं. तसा ठराव कुणी केला नव्हता, त्यामुळं तो मोडायचा तरी कसा?

मी तर बुलेटवरून उतरत होतो. वेस आली की गुरुपादप्पांच्या खांद्यावर टिचकी मारायचो. ते विचारायचे, "का हो, इथं का उतरता?" मी म्हणायचो, "पाय अवघडलेत, साहेब." ते पुढं जाऊन वस्तीपाशी थांबायचे आणि मी चालत गाठायचो. माझ्या पायांची त्या भल्या माणसाला इतकी काळजी लागली, की एकदा त्यांनी निलंग्याहून मालिशचं तेल आणून दिलं. मीही ते लावलं.

भीमानं गाडीचं काढलं तशी सरजाक्का माझ्याकडं आली. त्या साली पुन्हा पावसानं दडी मारलेली. वस्तीतला आड आटलेला आणि गावात पाणी फक्त किशनरावांच्या विहिरीला.

"ग्यानोबा, पोराला चांगली गाडी बघून दे," ती म्हणाली. "आन् येक कर. वेशीतून बसून येऊ नगं म्हणून तूच सांग. मी सांगितलं तर भांडतंय. त्येंच्या हिरीचं पाणी पितो आपून. उद्या दोर काढून घेतला तर काय करावं?"

"सांगतो," मी म्हणालो. भाच्याला भित्रेपणा शिकवायचं काम आपण पत्करतोय, असं मला त्या वेळी वाटलं नाही. शहाणपण शिकवतोय असंच वाटलं.

गाडी लातूरला गंजगोलाईच्या मागं एका डाळमिलच्या मुनिमाकडं होती, विरूपाक्ष त्यांचं नाव. जुनी राजदूत, पण मालकानं जपलेली. भीमा आरशात केस बघत उभा राहिला. मी आधी इंजिनाला हात लावला. तुम्हालाही सांगून ठेवतो, जुनी गाडी बघायला गेलात की पहिला हात इंजिनाला. गरम लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवलेली असते, म्हणजे गार असताना ती किती किका खाते हे तुम्हाला कळू नये. इंजिन गरम होतं.

"मुनीमजी, च्या घेऊ आधी," मी म्हणालो. "घाई न्हाई आमाला."

अर्धा तास चहा प्यालो. इंजिन गार झालं. मग भीमाला किक मारायला लावली, तिसऱ्या किकला सुरू झाली. आरसी पुस्तकातला नंबर चेसीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. धूर पाहिला, चेन हलवून पाहिली. विरूपाक्ष माझ्याकडं आदरानं बघत म्हणाले, "पाव्हणं पक्कं जाणकार हाईत. एक चक्कर मारून बघा की."

"भीमा मारंल," मी म्हणालो. "गाडी त्याला चालवायची हाय. माझा हात बसलेला, मला कुठलीबी चांगलीच लागणार."

हे वाक्य मी प्रत्येक गाडीच्या वेळी वापरलेलं होतं.

शिकायला आम्ही पाझर तलावात गेलो. बहात्तर साली ह्याच तलावाची हजेरी मी लिहिली होती. पाण्याच्या बाबतीत त्यानं आमची निराशाच केली, पण गाडी शिकायला इतकं सपाट मैदान तालुक्यात नाही. मी बांधावर बसून ओरडायचो आणि भीमा तळात गोल गोल फिरायचा. फुफाट्यात पुढचा ब्रेक दाबायचा नाही. क्लच सोडताना घाई करायची नाही, तो हळूहळू सोडायचा. बैल आडवा आला तर बैलाकडं बघायचं नाही, मोकळ्या वाटेकडं बघायचं, कारण माणूस जिथं बघतो तिथंच गाडी जाते. माझं सगळं बरोबर होतं. आठ दिवसांत पोरगं तयार झालं.

नवव्या दिवशी मी शेवटचा धडा दिला.

"आन् वेशीत गाडी बंद करायची. तिथनं वस्तीपस्तोर ढकलत न्यायची."

"का वो, मामा?"

"चढ हाय. नव्या हाताला पहिल्या गिअरात इंजिन तापतंय. प्लग काळा पडतो."

"आसं," भीमा म्हणाला. त्यानं मान डोलावली. त्याचा माझ्यावर विश्वास होता, आणि खोटं सांगताना समोरच्याचा विश्वास असला की फार सोपं जातं.

तीन आठवडे भीमा रोज संध्याकाळी वेशीत उतरून ती भली जड गाडी ढकलत चढ चढायचा. घामाघूम व्हायचा. पारावरचे लोक बघायचे. सरजाक्का समाधानी होती, पाणी चालू होतं. मीही समाधानी होतो असं म्हणतो, पण संध्याकाळी त्या वेळेला मी घराबाहेर पडत नव्हतो.

मग एका रविवारी किशनरावांचा पुतण्या पंढरी तोच चढ चढून गेला. तशीच राजदूत, मागं सरकीचं पोतं आणि पोत्यावर एक गडी. भीमा माझ्याच शेजारी उभा होता.

"मामा, ह्येचं इंजिन तापत न्हाई का?"

"त्याची गाडी येगळी आसंल."

"तीच हाय. तुमीच घेऊन दिलीया त्येला. आठवी गाडी तुमची." तो माझ्याकडं बघत राहिला. "मामा, बुलेटवरनं तुमी वेशीत उतरत होतासा म्हणं. आई सांगती. तुमचं पाय अवघडायचं."

मी वाकून वहाणेतला खडा काढायला लागलो. भीमानं पुढं काही विचारलं नाही. त्याला कळलं होतं, आणि तो मला एक शब्दही टाकून बोलला नाही, याची मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मुरुडच्या बाजाराहून येताना तो मला म्हणाला, "बसा मागं." मी बसलो. दहा वर्षांनी मागच्या सीटवर बसलो होतो, वारा लागत होता, इंजिन छान एका सुरात चाललं होतं. वेस दिसली तशी मी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

"भीमा, बंद कर."

त्यानं ऐकलं नाही. वेशीच्या तोंडाशी शेळ्या आडव्या आल्या म्हणून गाडी जरा हळू झाली, तेवढ्यात माझे पाय जमिनीला लागले. मी उतरायचं ठरवलं नव्हतं, खोटं सांगत नाही. पाय आपले आपण उतरले. भीमाला कळलंही नाही. तो सरळ चढ चढून, ताठ बसून, पारापुढून निघून गेला.

आणि मी मागून चालत निघालो.

पारावर पाच-सहा जण होते, मधे किशनराव. मी समोर आलो तसे ते म्हणाले, "काय ग्यानोबा, गाडी तर फुडं गेली. तू कशाला उतरलास?"

"पाय अवघडलं."

"कुणी उतर म्हणलं का तुला?" किशनराव हसले. बाकीचेही हसले. "आता जिल्हा झाला बाबा. आपल्या गावात आसलं काय न्हाई ऱ्हायलं."

माझं डोकं भणाणलं. कारण माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांनी मला कधीच उतर म्हटलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी माझ्या बापाला म्हटलं होतं, एकदाच, ह्याच जागी, सायकलच्या मडगार्डवर काठी आपटून. ते एकदाचं सांगणं आम्हाला तीस वर्षं पुरलं होतं, आणि आता हसायला हे मोकळे!

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. मागं मी नाही हे कळल्यावर भीमा वस्तीपासून वळून परत आला होता. पारासमोर, अगदी मधोमध, त्यानं गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं.

"मामा, बसा."

वेशीत उतरणं सोपं होतं, तिथं बघायला कुणी नसतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, धोतराचा सोगा सावरून, सीटवरून टांग टाकणं म्हणजे काय, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. भीती वाटत होती, साफ सांगतो. पण मी टांग टाकली आणि बसलो.

भीमाच्या हाताला घाम आला असणार. त्यानं क्लच झटकन सोडला, गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद पडली.

तेवढ्यात वरच्या अंगानं सरजाक्का आली, डोक्यावर किशनरावांच्या विहिरीची घागर. आम्हाला बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"उतर रं ग्यानोबा," किशनराव शांतपणे म्हणाले. "पोराला किक मारू दे. तुझं वजन पडतंय मागं."

सल्ला शंभर टक्के बरोबर होता. मागं माणूस बसलेला असताना किक नीट बसत नाही, गाडी कलंडायची भीती असते. अकराच्या अकरा जणांना मी हेच सांगितलं असतं. भीमानंही मान वळवून माझ्याकडं पाहिलं. उतरता का, असं त्याच्या नजरेत होतं.

"न्हाई उतरत," मी म्हणालो. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मार किक."

भीमानं किक मारली. गाडी डुगडुगली. दुसरी मारली, तिसरी मारली. मी दोन्ही हातांनी सीट धरून बसलो. चौथ्या किकला त्याचा पाय घसरला आणि नडगीला लागलं. पारावर कुणीतरी खुदकन हसलं. किशनराव हसले नाहीत, ते माझ्याकडं बघत होते, आणि ह्या खेपेला मीही त्यांच्याकडं बघत होतो.

पाचवी किक वाया गेली. सहावीला इंजिन फुरफुरलं आणि विझलं.

"आरं, दाबून मार की रं!" सरजाक्का ओरडली. घागर डोक्यावर तशीच होती, पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत होतं. "जेवला न्हाईस का?"

सातव्या किकला गाडी सुरू झाली आणि आम्ही दोघं बसून घरी गेलो.