दौलतचं हृदय आणि इन्शिराहची कबुतरं

इजिप्तमधल्या दुम्यात शहरात नाईलकाठी तेव्हा एवढे उंच मनोरे उठले नव्हते. इमारतीतली दारं दिवसभर उघडी असत. शेजारणीनं पाठवलेलं खायचं नाही, म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटल्यासारखंच. तिसऱ्या मजल्यावरच्या दौलतला डॉक्टर वग्दी म्हणाले, "मावशी, तुमचं हृदय ताल सोडून धावतंय. शिरेतून नळी घालून ताळ्यावर आणता येईल. पण एवढ्या वजनावर ते पुन्हा बिघडायची भीती फार. आधी वजन उतरवा, मग बोलू."

छातीत मासा तडफडल्यासारखं व्हायचं, जिन्यात कठडा धरून बसावं लागायचं. दौलतला हे संपवायचंच होतं. पण दुखणं बोललं की नजर लागते, म्हणून घराबाहेर अक्षर न काढता तिनं भात-लोणी सोडलं.

गाल उतरले, तशी समोरची इन्शिराह हबकली.

"काय गं, सून जेवायला घालत नाही वाटतं?"

"उन्हाळा बाधलाय."

"उन्हाळा माझ्याही घरात आहे. मी बघ, दारातून आडवी होऊन जाते!"

दुसऱ्याच दिवशी भात भरलेली दोन कबुतरं आली. मग फतीर, म्हणजे तुपानं थबथबलेली पदरापदरांची रोटी. मग मिशब्बक, म्हणजे जिलबीची थोरली बहीणच. पहिला घास जाईपर्यंत इन्शिराह दारातून हलायची नाही. वजन पुन्हा चढू लागलं, आणि एका दुपारी कबुतराची तंगडी हातात असतानाच छातीतला मासा उसळला. घामाघूम दौलतनं सगळं सांगून टाकलं.

इन्शिराहनं कपाळावर हात मारला. "अगं बये, आधी बोलायचंस ना!"

"तुझी नजर लागली असती."

"नजर कसली? तुला तर माझी कबुतरं बाधली!"

दोघी डोळे पुसत हसत सुटल्या.

ताटं काही थांबली नाहीत. ती थांबणं शक्यच नव्हतं. पण आता त्यांत भाजलेला मासा, काकड्या, हिरवा पाला असायचा. वरच्या मजल्यावरची कुणी पाकात मुरवलेला रव्याचा बसबूसा घेऊन उतरली, तर इन्शिराह तिला जिन्यातूनच परत पिटाळायची. संध्याकाळी दोघी नदीकाठानं फिरायला जायच्या. "चल गं, पाय उचल!" असं इन्शिराह ओरडायची, आणि पहिलं बाक दिसताच आधी तीच टेकायची.

थंडी सरली, तोवर दौलतचं वजनही चांगलं उतरलं. छातीला यंत्र लावून काढलेली ठोक्यांची पट्टी डॉक्टरांनी दोनदा पाहिली.

"मावशी, ताल छान बसलाय. झटके जवळजवळ थांबलेत. नळी तूर्त नको. गोळ्या आणि चालणं मात्र सोडायचं नाही."

दौलतला हसावं की रडावं कळेना. सोबत आलेल्या इन्शिराहला मात्र बरोबर कळलं. तिनं तिथेच, लग्नाघरी बायका फोडतात तशी, जीभ हलवत अशी लांबलचक किलकारी फोडली की डॉक्टर दचकून उठले.

"बाई, हा दवाखाना आहे!"

"मग? इथं कधी चांगलं काही होतच नाही का?"

बाहेर ताटकळलेल्या बायकांनी कुणाचं काय, हे विचारलंसुद्धा नाही. त्यांनीही किलकाऱ्या ठोकल्या, आणि दौलत त्यांच्यामधून वाट काढत, एकेकीच्या गालाचा मुका घेत बाहेर पडली.