ब्लॅडरमधली हवा

ब्लॅडरच्या मानेला बांधलेली सुतळी ओलसर होती, की आपलीच बोटं ओली होती, हे सुलाबाईला ठरवता येईना. फुटबॉलचं तपकिरी रबर, खिडकीच्या उजेडात जरा आरपार दिसणारं. शेजारी लोखंडी पाइपचा तुकडा. रिकामं ब्लॅडर पाइपात सोडायचं, वरून हवा भरायची, ते आतल्या आत फुगून घट्ट बसलं की गळती बंद – नवऱ्याने, भिमाजीने, तिला हे न्हाणीत, नळाला पाइप लावून दाखवलं होतं. मुंबईपलीकडे समुद्रात तेलाची विहीर फुटल्याची बातमी वाचल्यापासून तो ओझरच्या कारखान्यातून आला की चहा गार होईपर्यंत या पाइपाशी बसायचा. पंप लावायचा नाही, रबर पातळ आहे, तोंडानेच फुंकायचं – असं म्हणून गाल फुगवायचा, आणि ती हसायची...

मग एका सकाळी ओझरच्या बसमध्ये त्याच्या छातीत कळ आली. आदल्या संध्याकाळी फुगवलेलं ब्लॅडर तसंच फळीवर राहिलं.

त्याचे कपडे दिराने नेले. सायकलही तिने देऊन टाकली. याला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. यात त्याचा श्वास आहे – हे वाक्य ती मोठ्याने कधी बोलली नव्हती. बोलली असती तर लोकांनी वेडी म्हटलं असतं, आणि मी वेडी नाही, मी शाळेत मुलांना हवा जागा व्यापते असं शिकवते, मला कळतं की... शाळेतून आल्यावर ती त्यावर नुसता तळहात ठेवायची. दाबायची नाही.

"वहिनी, काढा की हवा. पिशवीत कसं बसवू?"

दारात वाल्मीक उभा होता. गंगापूर रोडवर त्याचं सायकलचं दुकान. पाइप त्यानेच कापून आणला होता, या खटाटोपात अर्धं डोकं त्याचं. आज तो मुंबईला तेलवाल्यांच्या कचेरीत हे दाखवायला निघाला होता.

"फुगलेलंच न्या ना, भाऊजी."

"फुगलेलं पाइपात जाईल कसं? तिथले साहेब हसतील. विहीर वाहतेय तोवरच आपल्याला कोणी विचारेल. बंद झाली की भिमाजीचं नाव कोण घेतंय?"

नाव. त्याला ते हवं होतं; कारखान्यात त्याने बनवलेल्या कुठल्याच भागावर ते नव्हतं. एक गाठ सोडली की त्याचं नाव मुंबईला पोचेल... आणि सोडली की इथे काय उरेल? समुद्राच्या तळातून काळं तेल वर येत असेल, आताही, आणि ते थांबवायला माणसं धडपडत असतील. मी तरी दुसरं काय करत होते?

"थांबा जरा," ती म्हणाली.

"अहो, हवाच ती, परत भरता येते. भिमाजीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी नाही का मीच भरली? पार चपटं पडलं होतं फळीवर. तुम्ही आत बायकांत बसला होतात. चपटी ट्यूब दिसली की माझा हात काही राहत नाही, धंद्याची सवय. पंप कुठला, तोंडानेच फुंकलं, आणि सैल पडलेली सुतळी आवळून बांधली. भिमाजीचा दम मोठा, माझी तर वाट लागली." तो हसला, आणि तिच्याकडे बघून थांबला. "काय झालं, वहिनी?"

"काही नाही."

म्हणजे इतके दिवस... म्हणजे तो श्वास केव्हाच सुटला होता, याच खोलीत, आणि ती रडत होती तेव्हा नकळत तिनेच तो घेतला असेल – पण त्या दिवसांत दार सताड उघडं होतं, माणसं येत-जात होती.

तिने सुतळी सोडली. हवा तळहातावर आली, कोमट, तंबाखूच्या वासाची. भिमाजी तंबाखू खात नव्हता. रबर सुरकुतत गेलं, आणि वाल्मीकने पिशवीचं तोंड उघडून धरलं, तरी ती हात तसाच धरून बसली.