दाखवण्याजोगा डोळा

दादाचा डावा डोळा लाल व्हायचा, ठणकायचा, उजेड सोसायचा नाही आणि समोरचं सगळं धुक्यात जायचं. दादा बस चालवतो. धुक्यातून बस चालवायला कोणी पगार देत नाही, म्हणून डेपोच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, एक तर डॉक्टरचं निदान आणा, नाहीतर कामावर या.

निदान काही मिळेना. जो डॉक्टर पाही, तो डोळा ठीक आहे म्हणे. एकाने चष्मा दिला, दुसऱ्याने उशी बदलायला लावली. तिसऱ्याने दादाला बाहेर बसवून वहिनींना विचारलं, घरी काही ताण आहे का? वहिनी घरी पोहोचेपर्यंत त्या प्रश्नाचं उत्तर देत होत्या. आठवडा उलटत नाही तोच डोळ्याचा पुन्हा टोमॅटो. आपण ढोंगी आहोत की काय, असा संशय आता दादालाच येऊ लागला.

चौथ्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघं गेलो, तेव्हा त्या आमच्या आधीच्या पेशंटवरच वैतागलेल्या होत्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करणारं औषध घातलं, दादाची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि आत डोकावून पाहिलं. डावी बाहुली गोल व्हायच्या ऐवजी कुरतडल्यासारखी दिसत होती. तिच्या कडा डोळ्याच्या आतल्या भिंगाला चिकटल्या होत्या. म्हणजे आत सूज येऊन गेली होती. आज मात्र ती नावापुरती होती.

“इथे येण्याआधी डोळ्यात काय घातलंत?”

दादा म्हणाला, काही नाही. वहिनी म्हणाल्या, काही नाही, आपलं नेहमीचंच. त्यांच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सूज उतरवणाऱ्या थेंबांची बाटली उरली होती. डॉक्टरांकडे जायच्या दोन दिवस आधी सुरू करायची, परत आलं की बंद.

“का पण?”

“अहो, डॉक्टरांकडे काय तसाच डोळा घेऊन जायचं?”

बाईंनी स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग दादाला विचारलं, सकाळी कंबर आखडते का. दादा म्हणाला, कित्येक वर्षं, पण ती ड्रायव्हरची कंबर आहे. बाईंच्या मते डोळा आणि कंबर हे एकाच घरातलं भांडण होतं. शरीराचे पहारेकरी शरीरावरच उठले होते. खात्रीसाठी त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली.

नजर जाईल का, हे दादाने विचारलं नाही. वहिनींनी विचारलं.

“हे असंच चालू ठेवलंत तर जाईल. यापुढे मी सांगेन तेव्हा थेंब, आणि मी सांगेन तेव्हाच बंद. ती बाटली इकडे द्या.”

वहिनींनी पर्समधून बाटली काढून दिली.

मोठ्या झालेल्या बाहुल्यांमुळे दादाला जिन्याच्या पायऱ्या दिसेनात. वहिनींनी त्याचा दंड धरला. जरा हळू धर, दुखतंय, असं तो रस्त्यापर्यंत कुरकुरत होता. त्यांनी पकड सैल केली नाही.