न बोलावता माहेरी

चार वर्षं होत आली, दादाने मला एकदाही 'ये' म्हटलं नाही. ते कोकणात निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हापासून. आधी म्हणाला, छप्पर उडालंय, यंदा नको. मग म्हणाला, लाइट नाही. मग रस्ता खणलाय. मग बाथरूमचं काम काढलंय. अरे बापा, बाथरूम बांधून राहिला की ताजमहाल?

अन् आमच्यात लग्न झालेली लेक बोलावल्याशिवाय माहेरी जात नाही. आई म्हणायची, न बोलावता आलेल्या लेकीच्या ताटाकडे सगळे बघतात. मी एकोणसत्तर वर्षांची. इकडे जबलपुरात आमच्या घमापुरातला भाजीवाला माझ्याशी हुज्जत घालायला घाबरतो. पण हा एक नियम मी कधी मोडला नव्हता.

मी हेमलता. माहेर श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राकाठी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन जबलपूरला आली. आमचे हे गन कॅरेज फॅक्टरीत होते. ते गेले, आता मुलगा अंबरीश तिथेच आहे. माझी बोली जबलपूरची झाली, 'का' सुटलं अन् 'काहून' आलं. समुद्र मात्र सुटला नाही. फार आठवण आली की अंबरीशच्या स्कूटरवर बसून तिलवाऱ्याला जायची, पुलावरून पाणी पाहत उभी राहायची. नर्मदामैया मला माफ करो, पण नदीचा पलीकडचा काठ दिसतो. मला काठ न दिसणारं पाणी पाहिजे होतं.

लग्नात बाबांनी मला एक माड दिला होता. म्हणजे झाड तिथेच, आमच्या वाडीत विहिरीजवळ, फळ तेवढं माझं. दर दिवाळीच्या आधी त्या माडाच्या नारळांचं पोतं जबलपूरला यायचं. बाबा गेल्यावर दादा पाठवू लागला. वादळाच्या वर्षीही पोतं आलं, अन् सोडल्यासोडल्या मला कळलं. माझ्या माडाचा नारळ लांबट, पातळ करवंटीचा. दादा सोलताना शेंडी लांब ठेवायचा. हे आपले गोल गरगरीत, न्हाव्याकडून उठून आल्यासारखे. म्हणजे माड पडला होता, अन् मला बाजारचे नारळ येत होते. मी चूप राहिली. बोलली असती तर पोतं बंद झालं असतं, अन् माहेरचं तेवढंच तर येत होतं माझ्याकडे.

राग सगळा विनतावहिनीवर. दादा भोळा, तीच म्हणत असेल, कशाला बोलावता नणदेला, कोण करेल? कणीक मळताना मी रोज तिच्याशी मनातल्या मनात भांडायची अन् जिंकायचीसुद्धा.

या मार्चमध्ये एक दिवस उठली, खोव्याची जिलबी बांधून आणवली अन् अंबरीशला म्हटलं, कल्याणपर्यंतचं तिकीट काढ. तो म्हणाला, "अच्छा? मामा ने बुलाया क्या?" मी म्हटलं, "हो." पोराशी इतकं धडधडीत खोटं कधी बोलली नव्हती.

कल्याणहून पनवेल, पनवेलहून एसटी. माणगाव सुटल्यावर शेजारच्या बाईने माझं बोलणं ऐकून विचारलं, "तुम्ही नागपूरकडच्या का?" मी म्हटलं, "इथलीच आहे मी." तिला काही पटलं नाही. अन् ज्या रस्त्यावर मी लहानाची मोठी झाली, तिथे मला हे कोणी विचारावं, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हसळ्याच्या पुढे मी खिडकीला नाक लावून बसली. कौलं गेली होती, घरांवर निळे-लाल पत्रे आले होते. विजेचे खांब नवे. लहानपणी या रस्त्याला भर दुपारी सावली असायची. आता रस्त्यावरून लोकांची मागची दारं दिसत होती, दोरीवरचे कपडे दिसत होते. वाड्यांमध्ये केळी लावलेल्या, अन् केळींच्या आडोशाला सुपारीची रोपं, वीतभर, हातभर. कंडक्टर म्हणाला, "आजी, सुपारी धरायला सात-आठ वर्षं लागतात. सगळे वाट बघत बसलेत." मग एका वळणावर खारा वारा आत आला अन् मी रडायलाच लागली. शेजारच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

दादा वाडीत केळींना पाणी घालत होता. शहात्तर वर्षांचा, पाठीत वाकलेला. मला पाहिलं अन् बादली तिथेच ठेवली. "हेमे? तू? एकटी?" त्याला आनंद झाला की धसका बसला, कळेना. लगेच माझ्या वाटेत आडवा येऊन उभा राहिला. "चल, आधी घरात चल. पाय धू."

"विहिरीवर धुते."

"विहिरीवर नको! तिकडे परवाच साप निघाला."

चोराच्या मनात चांदणं! मी म्हटलं, "निघू दे. मला पाहून तोच पळेल." जिलबीचा डबा त्याच्या हातात कोंबला अन् त्याला बाजूला सारून गेली.

विहिरीजवळ गुडघ्याएवढा बुंधा होता, वाळवी लागलेला. मला माहीत होतं ना? चार वर्षं माहीत होतं. तरी मी तिथेच कठड्यावर बसली.

दादा मागून आला. "तीन जूनला दुपारी," तो म्हणाला. "आधी सुपाऱ्या गेल्या, कडाकड मोडल्या. हा शेवटपर्यंत उभा होता. मी खिडकीतून बघत होतो. म्हणत होतो, सगळं घेऊन जा, पण हेमाचा तेवढा ठेव."

"मग सांगितलं काहून नाही मला?"

"कुठल्या तोंडाने सांगू? बाबांनी जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, या माडाला नारळ लागतात तोवर हेमाला माहेर आहे. माडच राहिला नाही. तू आलीस की आधी इकडेच येणार. मग 'ये' म्हणायची हिंमतच होईना."

माझं डोकं फिरलं. "अरे शहाण्या! मी काय झाडाला भेटायला यायची का? इतक्या लांबून, गाड्या बदलत, कंबर मोडून मी तुझ्याकडे यायची! नारळ तर घमापुरातही भेटतात. अन् पहिल्याच पोत्यात ओळखलं होतं मी, बाजारचे आहेत म्हणून."

दादा बघतच राहिला. "ओळखलं होतंस? मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती तर तू पाठवणं बंद केलं असतं."

तो हसायला गेला अन् त्याला हसता येईना. खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसत म्हणाला, "मी कुठे पाठवत होतो? मी तर त्या वर्षी अंथरूणच धरलं होतं. तेव्हापासून विनताच आणायची. म्हणायची, वन्संचं पोतं चुकायला नको. एसटीने माणगावला जायची, एकेक नारळ कानाशी हलवून घ्यायची, अन् पोतं स्वतः शिवायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं मी त्या बाईला कणकेबरोबर तिंबत होती.

दादा माझ्याशेजारी टेकला. "आता तोंडाने सांगतो, हेमे. दरवर्षी ये. मी नसलो तरी ये."

हेच ऐकायला आली होती ना मी? पण 'मी नसलो तरी', तेवढंच कानात राहिलं. "तू नसलास तर मी कोणाकडे येऊ रे?" मी म्हटलं. बोलून गेली अन् माझं मलाच ऐकवेना. दादा बुंध्याची वाळवी नखाने खरवडत बसला.

मागे वहिनी कधी येऊन उभी राहिली होती, आम्हाला कळलंच नाही. हातात चहाचे दोन कप. केस पार पांढरे झालेले.

"माझ्याकडे या, वन्सं," ती म्हणाली.

मला उठताही येईना. मी बसल्या बसल्याच तिचा पदर धरला. "येईन," म्हटलं, "तू म्हणशील तेव्हा येईन."