चौथी मूठ

पौषातली सकाळ. कोवळी, केशरकांती, आळसावलेली. डोंगराच्या कुशीतली कुंडवाडी अजून अर्धी झोपेत, आणि झोपेतच तिथली जमीन श्वास सोडत होती. पांढरा श्वास, गंधकगंधी श्वास, खोल उकळत्या पोटातून वर येणारा श्वास. पोफळीतलं धुकं गार, कुंडावरचं धुकं गरम; दोन्ही एकमेकांत शिरत होती आणि कुठलं कुठे संपतं ते कळत नव्हतं.

त्या धुक्यातून दिगू मयेकर आला, शीळ घालत.

चिपळूणला मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा, पन्नाशीला टेकलेला, गल्लीतला नामांकित टवाळ. याच्या हातचं सरबत कुणी बिनधास्त पीत नसे. सोबत बायको रोहिणी. तिचे गुडघे धरले होते, म्हणून हा गरम पाण्याचा घाट घातलेला. आणि चौदा वर्षांची मिताली, जी बापानं वेळ सांगितली तरी दुसऱ्या घड्याळात बघून घ्यायची. आधी कुंड, मग समुद्र, संध्याकाळी घर. एवढाच बेत.

कुंडाशी एक म्हातारी गुरवीण बसली होती, धुराच्या रंगाची, धुरासारखी सावकाश. तिनं तिथली रीत सांगितली. पांढऱ्या फडक्यात ज्यानं त्यानं आपल्या हातानं तांदळाची एक मूठ टाकायची, टाकताना आपलं नाव मनात घ्यायचं, आणि पुरचुंडी दोरीनं पाण्यात सोडायची. कुंड भात शिजवून देतं.

"माणसं असाल तेवढ्याच मुठी टाका," ती म्हणाली. "जास्त टाकलीत, तर ज्याचं नाव घ्याल ते जेवायला येतं. जेवलं की पाण्यात परत जातं. उपाशी ठेवलंत तर मागोमाग घरी येतं."

असलं काही दिगूला सांगायचं म्हणजे त्याच्या हातात फटाका आणि काडी एकदम द्यायची.

तीन मुठी पडल्या. मग मितालीकडे बघत, बुबुळं फिरवत, भुतासारखं तोंड करून त्यानं चौथी भरली. ती म्हणाली, पुरे हं बाबा. त्यानं ठरवलं होतं, शेजारच्या चिंगूस अण्णांचं नाव घ्यायचं. पण मूठ उघडली, दाणे घरंगळले, आणि मनात भलतंच नाव आलं. बारा वर्षं जिभेखाली दडवलेलं. शुभ्र, इवलं, कुणीही कधीच न ऐकलेलं.

मितालीच्या पाठची ती. नऊ दिवसांची, नऊ दिवसांपुरतीच. बारशाला तीन दिवस उरले असताना गेली, आणि नाव राहून गेलं. ते एकट्या दिगूला माहीत होतं. ऐन पाळण्यापाशी आत्याला सांगून सगळ्यांना चकित करायचं होतं त्याला. शेजाऱ्यांचा पाळणा परत देताना तो काहीतरी विनोद करून हसला. त्या दिवसापासून त्यानं घरात इतका हशा भरला, इतका भरला, की रोहिणीला रडायला एक कोपरा उरला नाही.

पुरचुंडी बुडाली. कुंडाचे बुडबुडे क्षणभर थांबले.

मग पुन्हा सुरू झाले. गुरविणीनं पुढ्यातली कळशी जराशी बाजूला ओढली; कुणाला वाट द्यावी, तशी.

दुपार. केवड्यांच्या रांगेपलीकडे निर्मनुष्य किनारा. नितळनीळ पाणी, रुपेरी वाळू, आणि ओहोटीनं पुसून कोरी ठेवलेली ती लांबच लांब पाटी. तिघं पाण्याकाठानं चालत गेली. वारा नव्हता. पक्षी नव्हता. लाटासुद्धा जणू चवड्यांवर येत होत्या.

मितालीनं मागे वळून पाहिलं. पावलांच्या ओळी चार होत्या.

चौथी ओळ लहान, अनवाणी, आईच्या ओळीला बिलगून आलेली.

दिगूला आधी मनापासून आनंद झाला. पोरीनं आपला डाव आपल्यावरच उलटवला म्हणायचा. त्यानं टाळीसाठी हात पुढे केला. मितालीचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"बाबा, तू केलंस ना हे?" ती म्हणाली. "तूच केलंस म्हण ना."

हो म्हणणं किती सोपं होतं. आयुष्यभर हजारदा खोटं बोललेली जीभ, आणि हे एक तिला उचलेना. तो वाकला, त्या ठशात तळवा ठेवला. सगळी वाळू ओली, गार. ठसा ऊन. नुकत्याच उतरवलेल्या भातासारखा ऊन, आणि त्याला गंधकाचा वास येत होता.

रोहिणी गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसली. वीत लावून तिनं ठसा मोजला. मितालीचं पाऊल बाराव्या वर्षी एवढंच होतं, म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता विचारलं, "कुणाचं नाव घेतलंत?"

"जुई," दिगू म्हणाला. "तेच ठेवणार होतो."

जुई, ती पुटपुटली. जुई. जुई. बारा वर्षांचं बारसं त्या एका श्वासात.

केवड्याच्या सावलीत तिनं पानं मांडली, कुंडातून काढून आणलेली पुरचुंडी सोडली. तास उलटून गेले होते तरी भातातून वाफ निघत होती. मेतकूट, तूप, लोणचं. तीन पानांवर तीन वाटे. पलीकडे, जिथे कुणीच नव्हतं, तिथली वाळू बसल्यासारखी दबली होती.

दिगूनं चौथं पान पुढे सरकवलं. "वाढ तिला, रोहिणी. भुकेली असेल पोर. जेवून जाऊ दे."

रोहिणीनं चौथा वाटा पुन्हा फडक्यात घातला. एक गाठ मारली. वर दुसरी मारली.

"घरी जेवेल," ती म्हणाली.

एखादा विनोद, एखादी टप्पल, काहीतरी त्यानं आत शोधलं. आत नुसतं धुकं होतं. आणि त्या धुक्यात, बारा वर्षांनंतर, रोहिणी रडत होती. पोटभर, शांत, त्याच्यासमोर. त्यानं तिला हसवलं नाही.

सांज उतरली. कुंकुमवर्णी, मग जांभळी, मग राखेची. गाडीत पुढे रोहिणी पुरचुंडी मांडीवर घेऊन बसली. मागच्या सीटवर मिताली चढली, आणि कुणी न सांगता खिडकीशी सरकून तिनं शेजारी जागा केली.

दिगूनं ते मागचं दार धरून ठेवलं. एखाद्याला चढायला लागतो तेवढा वेळ. लहान पायांच्या एखादीला लागतो, त्याहून थोडा जास्त. मग हळूच लावलं, बोटं चेमटू नयेत असं.

घाट चढताना मागची काच आतून भरून आली. पांढरी, दाट, ऊन वाफ. आणि त्या वाफेवर आरशात त्याला दिसला एक तळवा. पाच बोटांचा, लहानसा, उमटत जाणारा, उमटत जाणारा, घराच्या दिशेनं.